मुंजा आणि ‘मुंज्या’ : एका पिशाच्चनामाचा अर्थ व त्याचा पडद्यावरील अवतार

मराठी लोकसमजुतींत पिशाच्चांची जी नावे रूढ आहेत, ती बहुतांशी मृत्यूच्या प्रकारांची नावे आहेत. बाळंतपणात वा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली स्त्री ती हडळ. सवाष्णपणी, पण मनातील इच्छा मनातच ठेवून गेलेली ती जखीण. पाण्यात बुडून मेलेला तो गिऱ्हा. धनावर वा घरावर जीव ठेवून गेलेला ब्राह्मण तो समंध. यांपैकी एकाही नावात त्या पिशाच्चाच्या रूपाचे वा क्रौर्याचे वर्णन नाही. माणूस कोणत्या उंबरठ्यावर असताना गेला, एवढेच ते नाव सांगते. ह्या नामपद्धतीचा विचार न करता एखाद्या पिशाच्चाला कथेतील खलपुरुष करावयाचे ठरविले, म्हणजे काय साधते आणि काय हातचे जाते, हे तपासण्यास ‘मुंज्या’ हा २०२४ सालचा हिंदी चित्रपट चांगला उपयोगी पडतो.

आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. कथा योगेश चांदेकर यांची, पटकथा निरेन भट्ट यांची. त्यातील मुख्य खलपुरुष कोणा नटाने रंगभूषा करून उभा केलेला नाही; तो संगणकावर घडविलेली एक चलच्चित्राकृती आहे. कथेचा आरंभ १९५२ सालच्या कोकणात होतो. गोट्या नावाच्या मुलाचे मन आपल्याहून बऱ्याच मोठ्या असलेल्या मुन्नीवर जडते. त्याची आई त्याची मुंज उरकून टाकते आणि मुन्नीचे लग्न दुसरीकडे होते. चेटूकवाडी येथे जारणमारणासाठी आपल्या धाकट्या बहिणीचा बळी देण्याच्या खटपटीत गोट्या स्वतःच प्राणास मुकतो आणि मुंज होऊन दहा दिवस उलटण्यापूर्वी मेल्यामुळे ‘मुंज्या’ होतो. पुढील कथा आजच्या पुण्यातील. वाचलेली ती बहीण आता आजी झाली आहे. तिचा नातू बिट्टू ह्याच्या मानगुटीवर मुंज्या बसतो आणि ‘लगीन’ लावून दे म्हणून हट्ट धरतो.

प्रथम शब्दाकडे वळावे. ‘मुंज’ हे मूळचे गवताचे नाव. त्या गवताची मेखला बटूच्या कमरेस बांधतात म्हणून तो विधी मौंजीबंधन, आणि मराठीत तो विधीच ‘मुंज’ झाला. मुंज झाली आहे पण सोडमुंज झालेली नाही, असा मुलगा तो मुंजा. हे ध्यानी घेतले पाहिजे की, हा शब्द प्रथम जिवंत मुलाचा आहे आणि नंतर पिशाच्चाचा. एकाच शब्दाने दोघांचाही निर्देश व्हावा, ह्यात भाषेचा निष्काळजीपणा नाही. मुंजा ही एक अवस्था आहे. मेखला बांधल्यापासून ती सुटेपर्यंतची ही मधली अवस्था; तीत मुलगा आईच्या पानावरून उठलेला असतो, पण गृहस्थाश्रमात शिरलेला नसतो. ह्या अवस्थेत मृत्यू आला तर ती संपतच नाही, एवढेच त्या समजुतीचे तर्कशास्त्र आहे.

हे लक्षात घेता पटकथेने एक गोष्ट मोठ्या जाणतेपणाने केली आहे, हे मान्य केले पाहिजे. सोडमुंज म्हणजे समावर्तन, आणि समावर्तनाशिवाय विवाह नाही. ज्याची मेखला सुटली नाही त्याला जे अप्राप्य राहिले ते लग्नच होय. चित्रपटातील मुंज्याला धन नको, सूड नको, त्याला ‘लगीन’ हवे आहे. पिशाच्चाच्या इच्छेचा हा शोध शब्दाच्या पोटातूनच घेतलेला आहे. पूर्वीच्या भयकथांतून येणारा मुंजा पुष्कळदा नुसताच दगड मारणारा, नाही तर रात्री अपरात्री वाट अडविणारा असे. त्याला स्वतःची अशी एक निश्चित मागणी देणे, आणि ती मागणी त्याच्या नावाशी सुसंगत असणे, हे लहान काम नव्हे.

परंतु त्याच पटकथेने दहा दिवसांची जी अट घातली आहे, ती मात्र विचारात पाडणारी आहे. मुंजाच्या समजुतीत मर्यादा आहे ती सोडमुंजीची, दिवसांच्या संख्येची नव्हे. शास्त्राप्रमाणे मौंजी आणि समावर्तन यांच्यामध्ये विद्यार्जनाची सारी वर्षे येतात. कालांतराने हे अंतर आखडत गेले. पुष्कळ घरांतून सोडमुंज काही दिवसांतच होऊ लागली, आणि अन्यत्र ती लग्नाच्या आदल्या दिवशी, काशीयात्रेच्या लुटुपुटीच्या रुसव्याबरोबर उरकली जाऊ लागली. दहा दिवसांची मुदत खरोखर ज्या पिशाच्चाची आहे ती हडळ. बाळंतिणीच्या सोयराचे जे दहा दिवस, तेच तिचे. हडळीची मुदत मुंजाच्या गळ्यात बांधली गेली आहे, असेच येथे दिसते. ही चूक क्षुल्लक वाटेल. पण तिचा परिणाम असा होतो की, मुंजा होणे हा एका अपुऱ्या राहिलेल्या संस्काराचा परिणाम न राहता वेळेचा एक अपघात ठरतो. दहाव्या दिवशी मेला तर पिशाच्च आणि अकराव्या दिवशी मेला तर नाही, ही रचना खेळाच्या नियमासारखी आहे. चित्रपट त्याला ‘ब्रह्मराक्षस’ही म्हणतो, वस्तुतः ब्रह्मराक्षस हा विद्येचा वा अधिकाराचा दुरुपयोग केलेल्या प्रौढ ब्राह्मणाचा, आणि मुंजा हा पोराचा. दोघांना एक केल्याने भय वाढते, परंतु पोर नाहीसे होते.

मुंजाची ही गोष्ट एकट्या महाराष्ट्राची नाही, हे पाहण्यासाठी मलाया द्वीपकल्पाकडे नजर टाकणे उपयुक्त ठरेल. तेथील ‘पोंतियानाक’ ह्या पिशाच्चाचे नाव बाळंतपणात मेलेली स्त्री अशा अर्थाच्या शब्दसमूहाचा संक्षेप मानले जाते. मलायी भाषेत ‘माती’ म्हणजे मृत आणि ‘आनाक’ म्हणजे मूल. स्कीट ह्या इंग्रज अभ्यासकाने मलायी जादूटोण्यावरील आपला ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध केला. त्यात बाळंतपणात गेलेली आई ती ‘लांगसुइर’ आणि तिचे मृत जन्मलेले मूल ते पोंतियानाक, असा भेद नोंदविलेला आहे. पुढे आई व मूल ह्यांची नावे एकमेकांत मिसळली आणि पोंतियानाक ही स्त्रीच झाली. अशा स्त्रीचे पिशाच्च होऊ नये म्हणून प्रेताच्या तोंडात काचेचे मणी, काखेत कोंबडीचे अंडे आणि तळहातांत सुया ठेवीत. म्हणजे तिला किंकाळी फोडता येत नाही, हात पंखांसारखे हलविता येत नाहीत आणि मुठी उघडता-मिटता येत नाहीत. आपल्याकडे बाळंतीण गेली असता उंबऱ्यात खिळा ठोकणे, वाटेवर राळे वा मोहऱ्या टाकीत जाणे, हे उपाय त्याच जातीचे. ‘पेनांगगालान’ ही दुसरी एक स्त्री. ‘तांगगाल’ म्हणजे सुटणे, गळणे, म्हणून धडापासून शिर व आतडी सोडवून रात्री बाळंतिणीच्या घराभोवती फिरणारी ती. तिला अडविण्यासाठी घराला जेरुजू नावाच्या काटेरी वनस्पतीच्या डहाळ्या लावीत. ही वनस्पती कोकणातील खाड्यांच्या काठीही पुष्कळ असून तेथे तिला मारांडी म्हणतात. समान झुडूप आणि समान भय असूनही दोन किनाऱ्यांनी निरनिराळी पिशाच्चे घडवावीत, ह्यात काही नवल नाही.

मुद्दा असा की, मलायी समजुतीत लांगसुइरचे केस व नखे कापून ती तिच्या मानेच्या मागील भोकात कोंबली, तर ती शांत होते, संसार करते, मुलांची आई होते. भुताची शेंडी कापून घेतली की ते घरकामाला राबते, ही मराठी समजूत येथे कोणालाही आठवेल. दोन्हीकडे पिशाच्चाचा नाश करण्याची कल्पना दुय्यम आहे. त्याला माणसांत परत आणण्याची, निदान हाताशी ठेवण्याची कल्पना मुख्य आहे. १९५७ साली सिंगापुरात ‘पोंतियानाक’ हा मलायी बोलपट निघाला. तो बी. एन. राव ह्या भारतीय दिग्दर्शकाने केला होता, हे येथील वाचकांना विशेष वाटेल. त्या बोलपटाच्या यशामागोमाग भागावर भाग निघाले आणि पोंतियानाक ही बाळंतिणीची व्यथा न राहता पडद्यावरील एक ठरलेली भूमिका झाली. आज ती चलच्चित्रमालिकांतून आणि खेळांतून निव्वळ रक्तपिपासू खलनायिका म्हणून वावरते. लोकसमजुतीतील नाव पडद्यावर गेले म्हणजे प्रथम जे गळते ते मृत्यूचे कारण. पोंतियानाकच्या बाबतीत ते गळावयास काही दशके लागली, मुंजाच्या बाबतीत एकाच चित्रपटात अर्धेअधिक काम झाले.

ह्या विषयात नाशिकचा संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट नोंदींची. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन ह्यांनी मुंबई इलाख्यातील लोकसमजुतींची माहिती शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवून गोळा केली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगास ते आले असता अनंत कान्हेरे ह्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि नाशिकच्या इतिहासात ते नाव त्या कारणाने राहिले. त्यांनी जमविलेली सामग्री आर. ई. एन्थोव्हेन ह्यांनी संपादित केली. कोकणविषयक खंड १९१५ साली निघाला. कोकणातील भुताखेतांविषयी आज जे काही इंग्रजीतून लिहिले वा सांगितले जाते, त्याचा मोठा भाग ह्या खंडावर उभा आहे. (बाला-जरठ विवाहावरील नाटक पाहावयास आलेल्या गृहस्थाच्या कागदांतून आलेला मुंजा शतकानंतर आपल्याहून मोठ्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या पोराच्या रूपाने पडद्यावर यावा, हा योगायोग देवलांना आवडला असता.) त्या खंडात मुंजा आहे तो सोडमुंजीपूर्वी मेलेला ब्राह्मण मुलगा म्हणून, पिंपळावर वा विहिरीत राहणारा, पीडा देण्यापेक्षा भेडसावणारा. सरकारी नोंदीला साजेल असा हा कोरडा तपशील आहे. भुताचे नाव, राहण्याची जागा, उपाय असे रकाने पाडले की समजूत कागदावर येते, परंतु ती सांगणाऱ्याचा स्वर येत नाही. ज्या मास्तराने तो मजकूर लिहून पाठविला, त्याच्या गावातील पारावर कोणाचा मुलगा होता, हे त्या रकान्यात मावणारे नव्हते.

दुसरी वाट चित्रांची. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके ह्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ ह्या लहानशा चित्रपटात १९१५ च्या सुमारास निर्जीव काड्यांना चालते केले. निर्जीवाला सजीव करून दाखविण्याचा हा भारतातील आरंभीचा प्रयत्न. पुढे नाशिक येथील हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतून १९१९ साली ‘कालियामर्दन’ निघाला. त्यात कृष्णाचे काम फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केले. चित्रपटाच्या आरंभीच ती मुलगी पडद्यावर येते आणि नाना भाव मुद्रेवर आणून दाखविते. म्हणजे पुढे जो कृष्ण दिसणार आहे तो कोण, हे प्रेक्षकास आधीच माहीत होते. मग यमुनेच्या डोहात युक्तीने उभा केलेला कालिया येतो. तो कृत्रिम आहे हे कोणापासून लपलेले नाही, आणि लपविण्याची गरजही नाही. कारण कथेच्या शेवटी त्याला मारावयाचे नसून दुसरीकडे पाठवावयाचे आहे. भागवतातील कालिया डोह सोडून समुद्राकडे जातो. खलाला शासन आहे, परंतु त्याचबरोबर त्याला जागाही आहे.

‘मुंज्या’तील संगणकनिर्मित आकृती कारागिरीच्या दृष्टीने कच्ची नाही. लहान चणीचा, विकट हसणारा, चपळ असा तो जीव झाडाच्या ढोलीतून वा माणसाच्या पाठीवरून ज्या सहजतेने सरपटतो, ती सहजता भारतीय चित्रपटांत एरवी विरळाच पाहावयास मिळते. ज्यांनी २००२ सालचा ‘द टू टॉवर्स’ पाहिला असेल त्यांना गोलमची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ही उसनवारी पूर्णतः झाकलेली नाही. तथापि खरी अडचण उसनवारीची नसून दृश्यतेची आहे. लोकसमजुतीतील मुंजाला शरीर नसते. वारा पडलेला असताना पिंपळाची पाने हलतात. पिंपळाच्या पानाचा देठ लांब असल्याने ती नेहमीच हलतात, परंतु ऐकणाऱ्याला तेवढे पुरते. लहान मूल तापाने फणफणते आणि कोणीतरी म्हणते, पाराजवळून आला होता का? मुंजा हा असा अनुमानाने सिद्ध होणारा आहे. पटकथेला हे अंशतः कळले आहे. मुंज्या केवळ त्याच्या रक्ताच्या नात्यातील माणसाला दिसतो, ही योजना मार्मिक आहे, कारण तीमुळे पिशाच्च हे घराण्याचे न फिटलेले देणे होते. पण प्रेक्षक हा काही त्या रक्ताचा नाही, आणि त्याला तर तो अथपासून इतिपर्यंत दिसत राहतो. जोवर चेटूकवाडीचे झाड, मुळे आणि हाका एवढेच समोर असते, तोवर भय टिकते. आकृती पुरती उजेडात आली की तिच्या चेष्टा सुरू होतात आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. हास्य आणि भय ह्यांचा मेळ घालणे हा ह्या निर्मितिसंस्थेच्या २०१८ मधील ‘स्त्री’पासूनच्या चित्रपटांचा धर्मच आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ह्या गोष्टीची की, हसवणारी ती आकृती एका मेलेल्या मुलाची आहे, हे मध्यंतरानंतर कोणाच्याच ध्यानी राहत नाही. आरंभी ज्या आईने घाईने मुंज उरकली, त्या आईचे पुढे काय झाले, हा प्रश्न पटकथेला पडत नाही.

भाषेच्या अंगाने पाहता एक गोष्ट अधिक खोल जाते. मराठीत मूळ शब्द ‘मुंजा’. ‘मुंज्या’ हे त्याचे सामान्यरूप. मुंज्याला, मुंज्याने अशा रूपांत ते येते, आणि संबोधनात एकटे येते : अरे मुंज्या! अर्थात गण्या, बंड्या, गोट्या ह्या सलगीच्या नावांप्रमाणे ते प्रथमेतही चालू शकते, आणि चित्रपटकर्त्यांना कदाचित तेच अभिप्रेत असेल. तरी परिणाम असा होतो की, शीर्षकापासून अखेरपर्यंत ह्या पात्राचे नाव म्हणजे त्याला मारलेली हाक आहे. तो स्वतः जे बोलतो ती मराठी वळणाची हिंदी. ‘लगीन’ हा शब्द तीत सतत उठून दिसतो. शहरातील तरुण नायक-नायिका स्वच्छ हिंदी बोलतात; मराठी उरते ती आजीच्या तोंडी, कोकणातील नातलगांच्या तोंडी आणि पिशाच्चाच्या तोंडी. चित्रपट हिंदी आहे, तेव्हा त्यातील माणसे हिंदी बोलणारच, हे उत्तर योग्य आहे. परंतु ते पुरे नाही. कोणत्या पात्राच्या बोलण्यात प्रादेशिक रंग ठेवावयाचा आणि कोणाच्या बोलण्यातून तो काढून टाकावयाचा, ही निवड असते. येथील निवडीने मराठी ही भूतकाळाची, आणि अक्षरशः भुतांची भाषा झाली आहे. मराठी दिग्दर्शकाच्या हातून, मराठी मातीतील समजुतीवर उभारलेल्या कथेत हे घडावे, ह्याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. त्याच दिग्दर्शकाने २०२२ साली ‘झोंबिवली’ हा चित्रपट मराठीत केला होता. त्यातील प्रेते परदेशी जातीची, परंतु त्यांना तोंड देणारी डोंबिवलीची माणसे आपल्याच भाषेत ओरडत होती. आणि त्या एका कारणाने तो चित्रपट सदोष असूनही घरचा वाटतो.

नावांच्या ह्या उलथापालथीचे पुढचे उदाहरण ह्याच दिग्दर्शकाच्या २०२५ मधील ‘थामा’ ह्या चित्रपटात सापडते. तेथे ‘बेताल’ ही रक्तावर जगणारी एक जात आहे. वेताळाने रक्त पिऊन जगावे, हे शिवदासाच्या वा सोमदेवाच्या वेताळकथांत नाही. तेथील वेताळ प्रेतात शिरून प्रश्न विचारतो, आणि त्याचे खरे शस्त्र कोडे हेच आहे. परंतु रिचर्ड बर्टन ह्याने १८७० साली त्या कथांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध करताना वेताळासाठी ‘व्हॅम्पायर’ हा युरोपीय शब्द योजिला. तोच शब्द इंग्रज ग्रंथकारांनी मलायी पोंतियानाकलाही लावला. भाषांतरात सोयीसाठी घेतलेला एक प्रतिशब्द दीडशे वर्षांनी मूळ शब्दावरच उलटतो आणि त्याला आपला अर्थ चिकटवितो, असे प्रकार कोशकारांना अपरिचित नाहीत. पण इतक्या ठळकपणे ते क्वचितच घडतात. दक्षिण कोकणात वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे. गोव्यात लोलये, प्रियोळ येथे तो बेताळ म्हणून पुजला जातो. त्याच्या भक्तांनी ‘थामा’ पाहून काय म्हटले असेल, ते म्हटले असो.

मुंजाचेही तसेच आहे. त्याला पिशाच्च म्हणून घाबरणारा समाज त्यालाच मुंजोबा म्हणून शेंदूर लावतो. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे. खानदेशात यावल तालुक्यातील अट्रावल येथे माघ महिन्यात मुंजोबाची यात्रा भरते आणि लोक नवस फेडावयास येतात. कोठे पिंपळाचीच मुंज लावतात, त्याला पार बांधतात, सुताने वेढतात. ज्या मुलाची मेखला सुटली नाही त्याच्यासाठी झाडाला सूत्र घालावे, ह्या कृतीत भय आहे खरे, पण त्याहून अधिक त्या मुलाला आपल्या रांगेत बसविण्याची इच्छा आहे. ‘मुंज्या’च्या अखेरीस चेटूकवाडीत झुंज होते, खलपुरुषाचा पाडाव होतो आणि श्रेयनामावलीत पुढच्या चित्रपटाची नांदी होते. सोडमुंज मात्र कोणीच करीत नाही. पटकथेत पुरोहित आहेत, मांत्रिक आहे, लग्नाचा घाट आहे. कमरेची ती गवताची दोरी सोडावी, हे एकालाही सुचत नाही.